पदवीनंतरची उमेदवारी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'उमेदवारी' एवढेच सांगितले. ते जरा गडबडले. निवडणुका जवळ आल्या असताना कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावरून उमेदवारीवर बोलणार म्हणजे स्वतःचा अर्ज जाहीर करणार, अशी त्यांना शंका आली असावी. तेव्हा प्रथमच सांगून टाकतो की आम्ही कोठेही उभे राहिलेलो नाही. आम्ही बोलणार आहोत ती उमेदवारी जुन्या अर्थाची. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी शाळा संपली की मुलगा कचेरीत, पेढीवर किंवा छापखान्यात 'उमेदवार' म्हणून लागत असे. आज ना उद्या काम मिळेल ह्या उमेदीवर तो राबे, म्हणून तो उमेदवार. त्याला काही मिळे किंवा न मिळे. ही उमेदवारी औषधशास्त्राच्या पदवीधराच्या वाट्याला कशी येते, अमेरिकेत ती कोणत्या स्वरूपात उभी राहिली, आणि आपल्या मुलामुलींनी तिच्याकडे कसे पाहावे, हा आजचा विषय.

आपण म्हणाल, हा विषय एखाद्या प्राध्यापकाचा. नववीत शाळा सोडलेल्या माणसाचे येथे काय काम? शंका रास्त आहे. आम्ही जे काही वाचले ते दुसरी पाळी संपल्यावर, आपल्या नगर वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. परंतु आमचे आयुष्य गोळ्या-औषधांच्या कारखान्यांतील कामगारांत गेले आहे. गोळी कशी दाबली जाते, पट्टीत कशी बसते, खोक्यात कशी जाते हे आम्ही हातांनी केले आहे. ती गोळी माणसाच्या पोटात गेल्यावर तिचे काय होते ह्याचा विचार मात्र आम्ही फार उशिरा केला. तो करावयास एका मुलीने लावले. तिची हकीकत आधी सांगतो, कारण तीत आमची स्वतःची चूक आहे.

आमच्या युनियनचा एक जुना सभासद, गोळ्या दाबण्याच्या यंत्रावर काम करणारा. त्याची मुलगी २०१४ साली बी.फार्म. झाली; घराण्यातील पहिली पदवीधर. तिने कोठेसे वाचले की अमेरिकेत फार्मासिस्ट रुग्णालयात डॉक्टरांबरोबर वॉर्डात हिंडतो, आणि त्यासाठी पदवीनंतर 'रेसिडेन्सी' करावी लागते. तिने तेच करावयाचे ठरवले. शहरातील एका सल्ला देणाऱ्या कचेरीने सांगितले, पैसे भरा, पुढचे सगळे आम्ही पाहू. बाप कामगारांच्या पतपेढीकडे कर्जाला आला. आम्ही पतपेढीच्या संचालक मंडळावर होतो. तो म्हणाला, "भाऊ, पोरगी हुशार आहे, पण मला ह्यातले काही कळत नाही. तुम्ही म्हणाल तसे." आम्हालाही काही कळत नव्हते. तरी आम्ही ऐटीत म्हणालो, "जाऊ दे पोरीला." कर्ज मंजूर झाले, पहिला हप्ता त्या कचेरीत भरला गेला. दोन महिन्यांनी ती मुलगी एक छापील कागद घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, हे वाचा." परदेशी पदवीधरांसाठी अमेरिकेचा नियम त्यात होता: १ जानेवारी २००३ रोजी किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्याचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम निदान पाच वर्षांचा असला पाहिजे. हिची बी.फार्म. चार वर्षांची. दार उघडण्यापूर्वीच बंद होते. कचेरीने पैसे परत केले नाहीत. बापाने ते कर्ज तीन वर्षे फेडले.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय वाचावयास घेतला. ज्या गोष्टीसाठी आम्ही दुसऱ्याच्या घामाचे पैसे उधळू दिले, ती मुळात आहे तरी काय, एवढे तरी कळावे म्हणून.

कारखान्यात शिकाऊ उमेदवार येतात. त्यांच्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्या कायद्याचे अठरावे कलम सांगते की हा मुलगा शिकणारा आहे, कामगार नव्हे. कलमाचा हेतू काहीही असो, प्रत्यक्षात आम्ही काय पाहिले? पुष्कळ ठिकाणी तो मुलगा पहिल्या महिन्यात काम शिकतो आणि उरलेले महिने कायम कामगाराच्या जागी उभा राहून तेच काम कमी पैशात करतो. म्हणून कोणतीही उमेदवारी पाहिली की आम्ही चार प्रश्न विचारतो. शिकवणारा कोण? मुदत किती? पोटाला काय? आणि मुदत संपल्यावर हातात काय? हेच चार प्रश्न घेऊन आपण अमेरिकेतील रुग्णालयात जाऊ.

पण तत्पूर्वी, फार्मासिस्टाचे वॉर्डात काम काय, हे पाहिले पाहिजे. आपल्या डोळ्यांपुढे फार्मासिस्ट म्हणजे काउंटरमागे उभा राहून चिठ्ठी वाचणारा आणि पट्टी कापून देणारा माणूस. आता असे समजा की सत्तर वर्षांचे एक आजोबा दवाखान्यात आहेत. हृदयाचे औषध चालू, रक्त पातळ ठेवण्याची वॉर्फरिनची गोळी चालू, मूत्रपिंडे थकलेली, आणि त्यांत जंतुसंसर्ग झाला म्हणून नवे प्रतिजैविक सुरू झाले. काही प्रतिजैविके वॉर्फरिनचा जोर वाढवतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. काही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. ती थकलेली असतील तर औषध अंगात साठत जाते, म्हणून मात्रा कमी करावी लागते. डॉक्टरला रोग ओळखावयाचा आहे, शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावयाचा आहे, नातेवाइकांना सांगावयाचे आहे. अशा वेळी औषधांचाच विचार करणारा एक माणूस त्याच्या शेजारी असावा, ही ह्यामागची कल्पना आहे.

ही कल्पना कागदावरच राहिली असे नाही. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात एक प्रयोग झाला. अनुभवी फार्मासिस्ट रोज सकाळी डॉक्टरांबरोबर राऊंडला जाऊ लागला. औषध लिहिण्यातील चुकांमुळे होणारे आणि टाळता येण्याजोगे अपाय पूर्वी दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ होते, ते ३.५ वर आले. म्हणजे दोन-तृतीयांश अपाय कमी झाले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. यंत्र नवे नव्हते, औषध नवे नव्हते. एक जाणता माणूस योग्य वेळी योग्य जागी उभा होता, एवढाच फरक.

हा जाणता माणूस तयार कसा होतो? पुस्तकातून तो होत नाही. पुस्तकातील रुग्णाला एकच रोग असतो आणि तो उलट प्रश्न विचारीत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर येथील रुग्णालयात हार्वे व्हिटनी नावाचे मुख्य फार्मासिस्ट होते. त्यांनी १९२७ साली पदवीधर फार्मासिस्टांना रुग्णालयात ठेवून घेऊन शिकवण्यास आरंभ केला. अमेरिकेतील ह्या शिक्षणाचा उगम तेथे मानतात. पुढे १९४२ साली रुग्णालयीन फार्मासिस्टांची स्वतंत्र संस्था निघाली आणि व्हिटनी तिचे पहिले अध्यक्ष झाले. येथे आमचे कान टवकारतात. ह्या लोकांनी प्रथम संघटना केली, आणि नंतर, १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, त्या संघटनेने ठरवले की कोणत्या रुग्णालयाला रेसिडेन्सी चालवता येईल आणि तेथे काय शिकवले पाहिजे. उमेदवारीचा दर्जा मालकाच्या मर्जीवर न सोडता धंद्यातील माणसांनी आपल्या हाती घेतला. अजूनही मान्यता देण्याचे आणि तपासणीचे काम तीच संस्था करते.

१९६६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर एक प्रयोग सुरू झाला. तळघरातील औषधभांडारात बसणारे फार्मासिस्ट वर वॉर्डात, रुग्णांच्या खाटांशेजारी आणून बसवले. ज्याला आज 'क्लिनिकल फार्मसी' म्हणतात तिची वाढ अशा प्रयोगांतून झाली. पदवीही बदलत गेली. डॉक्टर ऑफ फार्मसी, म्हणजे फार्म.डी., ही पदवी लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५० साली सुरू केली होती. २००० नंतर ती साऱ्या अमेरिकेत ह्या धंद्यात शिरण्याची एकमेव पदवी झाली.

आता आमचा पहिला प्रश्न: शिकवणारा कोण? प्रत्येक रेसिडेंटवर एक अनुभवी फार्मासिस्ट नेमलेला असतो. त्याला 'प्रिसेप्टर' म्हणतात. रेसिडेंट सकाळी लवकर येतो, केसपेपर वाचतो, रक्ताचे अहवाल पाहतो, राऊंडला जातो, आणि दुपारी आपण काय सुचवले व का सुचवले ह्याचा हिशेब प्रिसेप्टरपुढे देतो. काही आठवडे अतिदक्षता विभागात, काही आठवडे बाह्यरुग्ण विभागात, असे विभाग बदलत जातात. वर्षभरात एखादे संशोधनाचे काम पुरे करावे लागते. शिवाय औषधभांडारातील नेहमीची पाळीही असते. पुष्कळ ठिकाणी दर दुसऱ्या-तिसऱ्या शनिवार-रविवारी. रेसिडेंटचे मूल्यमापन लेखी होते, आणि रेसिडेंटही शिकवणाऱ्याचे मूल्यमापन लेखी करतो. ही शेवटची गोष्ट आमच्या कारखान्यांत अजून कोणी ऐकलेली नाही.

दुसरा प्रश्न, मुदत. पहिले वर्ष सर्वसाधारण शिक्षणाचे. ते साधारणपणे जुलैपासून जूनपर्यंत चालते. नंतर ज्याला कर्करोग, लहान मुले, अतिदक्षता अशा एखाद्या शाखेत जावयाचे असेल तो दुसरे वर्ष करतो. हे सर्वांना सक्तीचे नाही. पदवी घेऊन, परवान्याची परीक्षा देऊन औषधाच्या दुकानात काम करता येते आणि चांगला पगार मिळवता येतो. परंतु मोठ्या रुग्णालयांत वॉर्डाचे काम पाहिजे असेल तर ह्या एका वर्षाविना पुढे सरकणे कठीण झाले आहे.

जागा मिळण्याची रीत मोठी मजेची आहे. हिवाळ्यात अर्ज जातात, नंतर मुलाखती होतात. मग प्रत्येक उमेदवार आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची क्रमवार यादी देतो, आणि प्रत्येक रुग्णालय आपल्या पसंतीच्या उमेदवारांची. दोन्ही याद्या यंत्रात घालतात आणि मार्चमध्ये निकाल लागतो. त्याला 'मॅच' म्हणतात; म्हणजे आपल्या वधूवरसूचक मंडळाचेच काम, फक्त पत्रिकेऐवजी गणित. ही उपमा आमची नव्हे. गेल आणि शॅपली ह्या दोन गणितज्ञांनी १९६२ साली ह्या गणितावर जो निबंध लिहिला, त्यात विवाहाचेच उदाहरण होते. डॉक्टरांसाठी अशी जुळवणी १९५२ सालीच सुरू झाली होती. ह्या शास्त्राबद्दल शॅपली आणि रॉथ ह्यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल त्यापूर्वीच वारले होते.

गणिताला आमचा नमस्कार आहे. त्याने वशिला कमी होतो आणि प्रामाणिकपणे आपली खरी पसंती लिहिणाऱ्या उमेदवाराचे त्यात नुकसान होत नाही. परंतु युनियनच्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. निकाल बंधनकारक असतो. दोन रुग्णालयांची पत्रे हातात घेऊन 'तो इतके देतो, तुम्ही किती देता?' असे विचारण्याची सोय राहत नाही. डॉक्टरांच्या मॅचविरुद्ध २००२ साली काही डॉक्टरांनी दावा लावला की ह्यामुळे आमचे वेतन दाबून ठेवले जाते. दावा चालू असतानाच २००४ साली अमेरिकेच्या संसदेने डॉक्टरांच्या ह्या पद्धतीला मक्तेदारीविरोधी कायद्यातून संरक्षण दिले, आणि तेही कशात? निवृत्तिवेतनाच्या एका कायद्याला शेपूट जोडून! दावा त्याच वर्षी निकालात निघाला. मालकमंडळींचे हात कोठवर पोचतात हे पाहून आम्हाला घरच्यासारखे वाटले.

तिसरा प्रश्न, पोटाला काय? अमेरिकेत कायम फार्मासिस्टाचे वार्षिक वेतन आज एक लाख तीस हजार डॉलरांच्या पुढे आहे. रेसिडेंटला साधारण पन्नास हजारांच्या आसपास मिळतात, ठिकाणाप्रमाणे कमीजास्त. म्हणजे परवाना तोच, जबाबदारी पुष्कळशी तीच, आणि पैसे निम्म्याहून कमी. त्यात बहुतेकांच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज. तरी तो पगार आहे, हे विसरू नये. त्यातला काही भाग सरकार उचलते: वृद्धांच्या आरोग्यविम्याची जी सरकारी योजना आहे, मेडिकेअर, तिच्यातून रुग्णालयांना पहिल्या वर्षाच्या रेसिडेन्सीचा खर्च भरून मिळतो. दुसऱ्या वर्षाचा खर्च मिळण्याचे २००३ साली बंद झाले. २००७ साली त्या फार्मासिस्टांच्या संस्थेने ठराव केला की २०२० पासून रुग्णांची प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या प्रत्येक नव्या पदवीधराला पहिले वर्ष अनिवार्य असावे. २०२० साल आले आणि गेले. ते अनिवार्य झाले नाही. त्या मधल्या काळात अशी वर्षे होती की पहिल्या वर्षाच्या जागांसाठी आलेल्या उमेदवारांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश रिकाम्या हाताने परतत. ठराव करणे सोपे असते. जागा आणि पैसे उभे करणे अवघड असते. आमच्या युनियनच्या कपाटात असे ठराव पुष्कळ पडले आहेत.

पैशाबरोबर तासांचाही प्रश्न येतो. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अठरा वर्षांची एक मुलगी तापाने दाखल झाली. ती मनाच्या आजारासाठी फेनेल्झिन नावाचे औषध घेत होती. रात्री तिला पेथिडिन देण्यात आले. ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत. सकाळपर्यंत ती दगावली. मृत्यूच्या नेमक्या कारणावर पुढे न्यायालयात पुष्कळ वाद झाला. परंतु त्या रात्री तिच्यावर देखरेख करणारे शिकाऊ डॉक्टर फार लांब पाळीवर होते आणि त्यांच्याकडे इतरही पुष्कळ रुग्ण होते, हे सर्वांसमोर आले. १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात शिकाऊ डॉक्टरांना आठवड्यास ८० तासांची मर्यादा लागू झाली. २००३ पासून ती देशभर आली. फार्मसीच्या रेसिडेंटलाही आज चार आठवड्यांच्या सरासरीने ८० तासांची मर्यादा आणि सात दिवसांत एक दिवस सुटी आहे. ८० तास म्हणजे आपल्या आठ तासांच्या दिवसाने दहा दिवसांचे काम एका आठवड्यात. त्या एका मुलीच्या हकीकतीत दोन धडे आहेत. थकलेला उमेदवार धोकादायक असतो. आणि त्या रात्री औषधांवर नजर ठेवणारा माणूस वॉर्डात असता तर कदाचित कोणीतरी विचारले असते, 'ही आधी काय घेत होती?'

तेथेही जुना वाद आहेच: हा शिकणारा की कामगार? अमेरिकेच्या श्रमसंबंध मंडळाने १९७६ साली शिकाऊ डॉक्टरांना विद्यार्थी ठरवले आणि १९९९ साली आपलाच निकाल फिरवून त्यांना कामगार मानले. कराच्या एका दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यांना विद्यार्थ्यांची करमाफी नाकारली. हे निकाल डॉक्टरांच्या संदर्भातले आहेत; परंतु त्यांतला विचार आम्हाला पटतो. माणूस एकाच वेळी शिकू शकतो आणि राबूही शकतो. शिकतो म्हणून त्याच्या राबण्याची किंमत शून्य होत नाही.

चौथा प्रश्न, हातात काय? तेथे हातात प्रमाणपत्र येते, आणि त्या प्रमाणपत्राला रुग्णालयांत जागा आहे. ही चौथी गोष्ट मनात ठेवून आता आपण घरी परत येऊ.

आपल्या देशात २००८ साली भारतीय फार्मसी परिषदेने फार्म.डी. अभ्यासक्रमाचे नियम केले. बारावीनंतर सहा वर्षे: पाच वर्षे शिक्षण आणि सहावे वर्ष इंटर्नशिपचे, म्हणजेच रेसिडेन्सीचे. त्या वर्षात सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि दोन-दोन महिने आणखी तीन विशेष विभागांत काढावयाचे असतात. बी.फार्म. झालेल्याला तीन वर्षांत तेथे पोचण्याची वाटही आहे. नियम वाचले तर मन प्रसन्न होते. चार प्रश्न विचारले म्हणजे ते खाली येते.

आमच्या सभासदाच्या त्या मुलीने २०१५ साली ही तीन वर्षांची वाट धरली. शेवटचे वर्ष तिने एका मोठ्या रुग्णालयात काढले. नाव घेत नाही. शिकवणारा कोण? एक प्राध्यापिका, मनापासून शिकवणाऱ्या, पण एकट्या. मुदत? वर्षभर, रोज. पोटाला? एक पैसाही नाही. त्याच वॉर्डात हिंडणाऱ्या इंटर्न डॉक्टरला विद्यावेतन होते, हिला नव्हते. हिच्या बसच्या पासाचे पैसे बाप देत होता, आणि पतपेढीचा हप्ताही तोच भरीत होता.

एका दुपारी ती घरी जाणाऱ्या एका बाईंचे डिस्चार्ज कार्ड पाहत होती. बाईंना संधिवात होता आणि मेथोट्रेक्सेट चालू होते. ही गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. कार्डावर ती रोज एक अशी उतरली होती. रोज घेतली तर अस्थिमज्जेवर घाला पडतो, तोंड सोलवटते, आणि माणूस दगावू शकतो. मुलीने मूळ केसपेपर काढून पाहिला, डॉक्टरांना गाठले, कार्ड दुरुस्त करून घेतले. मग त्या बाईंशेजारी बसून, गोळीचा वार कोणता, तो कॅलेंडरवर खूण करून दाखवला. बाई घरी गेल्या. त्यांना काही झाले नाही, म्हणून कोठे काही लिहिले गेले नाही.

तिने ही गोष्ट आम्हाला घरी येऊन सांगितली तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आनंद होता. बाप शेजारी बसून ऐकत होता. तीस वर्षे तो गोळ्या दाबीत आला होता. तो एवढेच म्हणाला, "म्हणजे गोळी बरोबर केली तरी काम संपत नाही." आमच्या वाचनालयातील साऱ्या पुस्तकांनी जे आम्हाला नीट सांगता आले नसते, ते त्याने एका वाक्यात सांगितले.

आज ती एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. पण तिच्या बरोबरच्या पुष्कळजणींना वॉर्डातली जागा मिळाली नाही. कोणी औषध कंपन्यांच्या कचेऱ्यांत कागद तपासतात, कोणी परदेशाच्या वाटेला लागल्या. आपल्याकडे सहावे वर्ष आहे. सातव्या वर्षी त्या माणसाला बसवावयाची खुर्ची पुष्कळ रुग्णालयांत नाही. उमेदवारी निर्माण केली आणि पद निर्माण केले नाही, तर उमेद कशावर धरावयाची?

मग अमेरिकेस जावे की न जावे? आम्ही एकदा न वाचता उत्तर दिले होते. आता जपून देतो. ज्याला जावयाचे त्याने खुशाल जावे, परंतु पायऱ्या मोजून जावे. आधी आपला अभ्यासक्रम पाच वर्षांचा नियम पुरा करतो की नाही, हे त्यांच्याच कागदावर स्वतः वाचावे. नंतर परदेशी पदवीधरांची समकक्षता परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, मग एखाद्या राज्यात प्रत्यक्ष कामाचे तास, मग परवान्याच्या परीक्षा. रेसिडेन्सीच्या जागेसाठी तेथल्याच पदवीधरांशी स्पर्धा आहे, आणि परदेशी उमेदवाराच्या व्हिसाची जबाबदारी प्रत्येक रुग्णालय घेत नाही. म्हणून अर्जापूर्वी त्या त्या रुग्णालयाला पत्र लिहून विचारावे. आणि जी कचेरी 'सगळे आम्ही पाहू' असे म्हणते तिला पैसे देण्यापूर्वी नियमाचा कागद मागावा. कागद दाखवीत नसेल तर चप्पल घालून उठावे.

परंतु जाणारे थोडे असतील. राहणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या वॉर्डात उद्या आपण किंवा आपली आई असणार आहे. म्हणून आमचे मागणे राहणाऱ्यांसाठी आहे. सहाव्या वर्षाच्या प्रत्येक उमेदवाराला विद्यावेतन मिळावे. पोट बापाच्या खिशावर असेल तर हे वर्ष बापाचा खिसा असणाऱ्यांनाच परवडेल, आणि यंत्रावरच्या कामगाराची मुलगी दारातून परत फिरेल. त्याला शिकवणारी माणसे पुरेशी असावीत. त्याचे तास ठरलेले असावेत. आणि मोठ्या रुग्णालयांनी, सरकारी रुग्णालयांनी प्रथम, वॉर्डातील फार्मासिस्टाची पदे भरावीत. बोस्टनच्या त्या आकड्यांनी दाखवून दिले आहे की हा खर्च माणसे वाचवतो.

ही मागणी करणे हे फक्त त्या मुलांचे काम नव्हे. ते वर्षभर येतात आणि जातात. संघटना बांधावयास त्यांना वेळ कोठे? हे काम आपले, ज्यांना औषध घ्यावे लागते त्यांचे. पुढच्या वेळी आपले कोणी रुग्णालयातून घरी निघेल तेव्हा डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन एक प्रश्न जरूर विचारा: 'हे औषधांच्या जाणकाराने पाहिले आहे का?' पाहिले नसेल तर का नाही, हेही विचारा. शंभर घरांतून हा प्रश्न विचारला गेला तर रुग्णालयाला त्याचे उत्तर ठेवावे लागेल. कारखान्यात आम्ही हेच शिकलो.

त्या बापाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता आला, तेव्हा पतपेढीच्या वहीवर सही आमची होती. सही करताना आमचा हात जड झाला होता. आज आपणांपुढे हे बोलल्याने तो थोडा हलका झाला, असे म्हणावयास हरकत नाही.